लांडोबा-पुंडोबाची पंचमी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

श्रावण शुद्ध पंचमी, म्हणजे नागपंचमी, जवळ आली की महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातून येणारी पत्रं एकाच दिशेला वळतात. कहाणी विचारणारी, लाह्या न फुटल्याची, कडक झालेल्या तंबिटाची (डाळ्यांच्या पिठाच्या गोड लाडवांची) आणि वारुळाला दूध घालावं की नाही याची. यंदाच्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (निपाणी) : माझ्या सासूबाई पंचमीला पाटावर नाग काढतात आणि हात जोडताना "लांडोबा-पुंडोबा खुशाल असोत" म्हणतात. ही नावं कुणाची? कहाणी पूर्ण कुणालाच येत नाही.

ताई, ही नावं नागिणीच्या दोन पिल्लांची, शेपट्या भाजलेल्या. कहाणी अशी आहे.

एका घरात पुष्कळ सुना होत्या. पंचमी आली तशी कुणी माहेरी गेली, कुणी आजोळी, कुणी पणजोळी. धाकटीला माहेरचं कुणीच नव्हतं. ती मनात म्हणाली, "माझं माहेर म्हणजे नागोबा, तोच मला न्यायला येईल." नागाला तिची दया आली. ब्राह्मणाचा वेष घेऊन तो आला, तिला सासरकडून मागून घेऊन वारुळापाशी गेला, तिथे आपलं खरं रूप दाखवलं आणि फणीवर बसवून घरी नेलं. घरात सगळ्यांना ताकीद दिली : हिला कुणी डसायचं नाही.

पुढे नागीण बाळंत व्हायला आली. तिने मुलीला दिवा धरायला सांगितलं. पिल्लं वळवळायला लागली, मुलगी घाबरली, हातातला दिवा पडला आणि पिल्लांच्या शेपट्या भाजल्या. नागीण रागावली. नागाने मात्र मुलीला धनद्रव्य देऊन सुखरूप सासरी पोचवलं. पिल्लं मोठी झाली, शेपट्या कशाने गेल्या ते त्यांनी आईला विचारलं आणि सूड घ्यायला तिच्या घरी आली. नेमकी त्या दिवशी पंचमी होती. भाऊ येतील म्हणून तिने दिवसभर वाट पाहिली होती. आले नाहीत, तेव्हा तिने पाटावर त्यांची चित्रं काढली, दूध-लाह्या ठेवल्या आणि म्हणाली, "माझे भाऊ लांडोबा, पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत." लपून बसलेल्या भावांनी ते ऐकलं. राग निवळला. रात्रभर ते तिथेच राहिले आणि पहाटे दुधाच्या भांड्यात नवरत्नांचा हार ठेवून निघून गेले.

या कहाणीत दया दोन वेळा येते. आधी नागाची, माहेर नसलेल्या मुलीला माहेर देण्याची. मग भावांची, सूड सोडून देण्याची. पंचमीच्या बऱ्याच रीती या दोन जागांपाशी येऊन मिळतात. बहीण माहेरी येते, आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात, भिंतीवर किंवा पाटावर नाग काढतात. दूध-लाह्यांचा नैवेद्य चित्रापुढेच ठेवतात, कारण कहाणीतही तो चित्रापुढेच होता. सासूबाई म्हणतात ते वाक्य मुलांना जरूर शिकवा. आणि गल्लीत माहेर तुटलेली एखादी सून असेल तर उंड्यांचा (लाडवांचा) पहिला डबा तिच्याकडे पाठवा. कहाणी धाकट्या सुनेची आहे, हे विसरायला नको.

नांगराची कहाणी याहून वेगळी आहे. तिच्यात शेतकऱ्याच्या फाळाने नागिणीची पिल्लं मरतात, ती सगळ्या घराला डसते आणि मग परगावी दिलेल्या लेकीच्या दारात जाते. लेक पाटावरच्या नागांची पूजा करत असते. ते पाहून नागीण प्रसन्न होते, दूध पिते, चंदनात लोळते आणि लेकीला अमृत देते. ते शिंपडून माहेरची माणसं जिवंत होतात. त्या दिवशी नांगर न धरण्याची रीत या कहाणीतून आली.

प्रश्न (खानापूर) : माहेरी पंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सासर हुक्केरीकडचं, तिथे दोन दिवस आधी रोट्ट्या करून शेजारीपाजारी वाटतात आणि सणाला तवा ठेवतच नाहीत. खरी रीत कोणती?

दोन्ही खऱ्या, आणि मुळात दोन्हींचा नियम एकच आहे : त्या दिवशी चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा तापवायचा नाही. जुनी माणसं सांगतात, तवा म्हणजे नागाचा फणा. मग उरतं उकडणं आणि वाफवणं. खानापूरच्या जंगलपट्ट्यात हळदीची पानं आणि तांदूळ मुबलक, म्हणून तिकडे पातोळ्या. घाटमाथ्यावर पुरणाची दिंडं, तीही वाफेवरचीच. पूर्वेकडे ज्वारी-बाजरीचा मुलूख, तिथे तृतीयेला 'रोट्टी पंचमी' होते. चतुर्थीला दूध घालायचं, पंचमीला सण. तवा बंद व्हायच्या आधीच भाकरी करून ठेवायची ही सोय आहे, आणि ती घरोघर वाटायची हा तिचा मान.

सासरच्या रोट्टीत चूक होते ती एकाच ठिकाणी. श्रावणातली हवा दमट असते. रोट्ट्या गरम असताना एकावर एक रचल्या की वाफ धरते, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. वाटीभर ज्वारीच्या पिठाला पाऊण ते एक वाटी उकळतं पाणी घाला, पातळ थापा, वर तीळ दाबा आणि दोन्ही बाजू भाजून घ्या. मग आच अगदी मंद करून, कापडाच्या बोळ्याने दाबत, ओलावा जाईपर्यंत तव्यावर ठेवा. सुपात सुट्या उभ्या करून पूर्ण गार होऊ द्या, नंतरच डब्यात भरा. बोटाने टिचकी मारली की खणखणली पाहिजे.

पातोळ्यांसाठी हळदीची पानं आदल्या दिवशीच खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे पंचमीला झाडावर हात टाकावा लागत नाही. पंधरा मिनिटं वाफ पुरते. पान तपकिरी झालं आणि सहज सुटलं की समजा झाली. तळण चालतं का, असंही तुम्ही विचारलं आहे. काही घरांत चालतं, काहींत नाही. घरची थोरली बाई सांगेल तसं करावं.

प्रश्न (चिकोडी) : लाह्या घरी फोडायचा प्रयत्न दोन वर्षं फसला. निम्मी ज्वारी करपते, निम्मी तशीच राहते.

पत्रावरून दोन चुका दिसतात : दाणा कोरडा राहिला आणि कढईत एकदम जास्त पडला.

लाही फुटते ती दाण्याच्या आतल्या पाण्यामुळे. बाहेरचं कवच टणक असतं, आतलं पाणी तापून वाफ होते, वाफ कोंडते आणि एका क्षणी कवच फाटून पीठ फुलतं. पाणी कमी असेल तर वाफ पुरत नाही, दाणा नुसता भाजून काळा पडतो. पाणी जास्त असेल तर कवच मऊ होतं, वाफ हळूहळू निसटते आणि दाणा नुसता फुगून चिवट राहतो. टोका पडलेल्या किंवा मळणीत चिरलेल्या दाण्यात वाफ कोंडतच नाही, म्हणून निवडणं फार महत्त्वाचं. पिठूळ दाणाही फुटत नाही. दाताखाली कडक लागणारा, काचेसारखा चमकणारा दाणा घ्या.

एक किलो ज्वारी निवडून चाळून घ्या. पातेल्यात बुडेल इतकं पाणी उकळा, गॅस बंद करून ज्वारी त्यात टाका, पाच मिनिटांत चाळणीवर उपसा आणि पूर्ण निथळू द्या. जाड सुती कापडात बांधून रात्रभर ठेवा, म्हणजे ओलावा सगळ्या दाण्यांत सारखा मुरतो. सकाळी सावलीत, पंख्याखाली पसरा. तास-दोन तासांत दाणे हाताला कोरडे लागतील आणि एकमेकांना चिकटणार नाहीत. उन्हात घालू नका, वरचं कवच आधी सुकून तडकतं.

जाड लोखंडी कढई चांगली तापवा. एक दाणा टाकून बघा, पाच-सहा सेकंदांत फुटला तर आच बरोबर. मग एका वेळी मूठभरच ज्वारी टाका, त्याहून जास्त टाकली की कढई एकदम थंडावते. कापडाचा बोळा लांब काठीला बांधून त्याने दाणे सतत फिरवत राहा, तडतड वाढली की झाकण अर्धं ठेवा. आवाज विरळ होताच कढई उतरवून उपसा. शेवटचे चार दाणे फुटायची वाट बघाल तर आधीच्या लाह्या जळतील. सगळे दाणे कधीच फुटत नाहीत. पाऊण भाग फुलला तरी घाणा उत्तम झाला. न फुटलेले गणंग चाळून काढा, ते दाताला लागतात.

हे सगळं चतुर्थीच्या आधी उरकायचं. गार झालेल्या लाह्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उरलेल्या दळल्या की अळ्ळिट्ट होतं. दूध-गुळात कालवलेलं अळ्ळिट्ट म्हाताऱ्या माणसांना फार आवडतं, पचायलाही हलकं.

प्रश्न (बेळगाव, शहापूर) : तंबिटाचे उंडे दगडासारखे होतात.

पाक पुढे जातो. तंबिटाला तारेचा पाक नकोच. दोन वाट्या डाळ्यांचं पीठ, एक वाटी चिरलेला गूळ, पाव वाटी पाणी, तीन ते चार चमचे तूप, अर्धी वाटी भाजलेलं किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे तीळ आणि चार वेलदोड्यांची पूड. गूळ पाण्यात विरघळला, गाळून घेतला आणि पुन्हा आचेवर ठेवल्यावर फेस वर आला की लगेच उतरवा. पाण्यात थेंब टाकला आणि त्याची गोळी झाली, तर उशीर झाला. तरी घाबरू नका, दोन चमचे गरम पाणी घालून पुन्हा सैल करता येतो. पीठ हळूहळू मिसळा आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच वळा. भुगा पडत असेल तर आणखी पाक नको, चमचाभर पातळ तूप घाला. डाळं मात्र पीठ करण्याआधी मंद आचेवर पुन्हा परतायला हवं, नाहीतर कच्चट वास राहतो.

शेंगदाण्याच्या उंड्यांना पाक लागतच नाही. दोन वाट्या खरपूस भाजलेल्या सोललेल्या दाण्यांना एक वाटी मऊ गूळ, दोन्ही एकत्र कुटायचं. दाण्याचं तेल सुटलं की उंडा आपोआप वळतो.

प्रश्न (येळ्ळूर) : यंदा पाऊस लांबला, भाताची लावणी मागे पडली. पंचमीला चिखलणी थांबवलीच पाहिजे का? एक दिवस गेला तर मजूर जातात.

दादा, तुमची अडचण खरी आहे. तरीही आमचं उत्तर : तो एक दिवस माती फोडू नका. मजूर लावायचेच असतील तर तरव्यातलं (रोपवाटिकेतलं) रोप आदल्या दिवशी उपटून पेंढ्या बांधून ठेवा. पंचमीला बांधावर पेंढ्या पोचवणं, खत मोजून ठेवणं, पाण्याची वाट हाताने मोकळी करणं, औजारं पुसून ठेवणं ही कामं होतात. षष्ठीला पहाटे चिखलणी धरा.

या नियमामागे निसर्गाचं एक वेळापत्रक आहे. नागीण साधारण एप्रिल ते जुलैमध्ये अंडी घालते, ती सुमारे दोन महिन्यांत फुटतात आणि तोवर ती अंड्यांपाशी असते. म्हणजे श्रावणात पिल्लं नुकतीच बाहेर आलेली असतात. पावसाने बिळांत पाणी शिरतं, उंदीर बांधावर येतात आणि त्यांच्या मागे साप येतो. फाळ, माणूस आणि पिल्लू एकाच चराला भेटण्याचे हेच दिवस. कहाणीत पिल्लंच का मरतात, याचं उत्तर शेतातच मिळतं.

म्हणून एका दिवसाच्या पाळणुकीपेक्षा नांगरायची पद्धत बदलणं जास्त मोलाचं. ट्रॅक्टर बांधाकडून आत गोल फिरवला की सगळे जीव मध्ये कोंडतात आणि शेवटच्या पट्ट्यात चिरडतात. मधून सुरुवात करून बांधाकडे येत गेलं तर त्यांना पळायला वाट राहते. बांधावरच्या वारुळाभोवती दहा-पंधरा फूट जागा सोडा. तेवढ्या जागेतलं भात किती जाईल, आणि उंदीर किती भात खातात, याचा हिशेब मांडून बघा. उसाच्या पट्ट्यातल्या चिकोडी-अथणीच्या शेतकऱ्यांनाही हेच सांगणं आहे. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि हातात काठी हवीच. काठी साप मारायला नाही, चालताना जमिनीवर आपटायला. त्या धक्क्याने साप आधीच बाजूला होतो.

प्रश्न (कडोली) : वारुळात दूध ओतणं आणि दारात टोपलीतला नाग घेऊन येणाऱ्याला दूध देणं, यात पुण्य किती?

टोपलीतल्या नागाला दूध देणं ही क्रूरता आहे, इथे मोघम बोलून चालणार नाही. साप दूध पिणारा प्राणी नाही, त्याला ते पचत नाही. सणाआधी कित्येक दिवस त्याला पाण्यावाचून कोंडतात, म्हणून तहानेने तो समोर येईल ते पितो. ते श्वासनळीत गेलं की फुप्फुसं सुजतात. दात उपटलेले असतात, तोंडात जखमा असतात. त्यावर हळद-कुंकू पडतं. असे नाग पुढे फार दिवस जगत नाहीत. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. दारात कुणी आलं तर दूध नको आणि पैसेही नकोत, वनखात्याला कळवा. त्या माणसाच्या घरी मुलं उपाशी असतील असं वाटलं तर त्यांना शिधा द्या, पण सापाच्या खेळाबद्दल नको.

वारूळ बांधते वाळवी. साप तिथे आयता राहायला येतो. वरची भोकं म्हणजे त्या घराची हवा. लोटाभर दूध आत गेलं की ते नासतं, मुंग्या आणि बुरशी लागते, भोक बंद होतं. बेळगाव-धारवाडकडच्या कन्नड घरांत दूध घालताना एकेकाच्या नावाने 'पालु', म्हणजे वाटा, म्हणायची सुंदर रीत आहे : देवाचा वाटा, गुरूचा वाटा, आईचा, बापाचा, आजोबांचा. ती तशीच ठेवा. चमचाभर दूध मातीच्या किंवा दगडी नागावर घाला आणि एकेक नाव घ्या. उरलेलं दूध त्याच नावांनी अंगणवाडीतल्या किंवा गल्लीतल्या मुलांना द्या. बसवेश्वरांना मानणारी अनेक घरं आता हेच करतात.

प्रश्न (अथणी) : पंचमीच्या दिवसांत घरात साप निघाला तर? आणि चावला तर?

निघाला तर मुलं आणि जनावरं बाहेर काढा, दहा फूट अंतर ठेवून एकाने त्याच्यावर नजर ठेवा, बाहेरचं दार उघडं सोडा आणि माहितगार सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. मारायला गेलेली माणसंच बहुधा चावून घेतात. रात्री जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिचा दंश दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं.

चावला तर माणसाला आडवं करा, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. आवळपट्टी नको, चिरा नको, तोंडाने ओढणं नको, पाला-मंत्र नको. 108 ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या तालुका किंवा जिल्हा रुग्णालयात जा. साप पकडून न्यायची गरज नाही, डॉक्टर लक्षणांवरून औषध देतात. कर्नाटकात फेब्रुवारी 2024 पासून सर्पदंशाची नोंद सरकारकडे देणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, त्यामुळे केसपेपरवर 'सर्पदंश' लिहिलं आहे ना, ते बघून घ्या.

प्रश्न (रायबाग) : पोरींसाठी झोपाळा बांधायचा आहे. मागच्या वर्षी फांदी मोडली.

फांदी बहुधा शेवग्याची किंवा पांगाऱ्याची असणार. दोन्ही ठिसूळ. चिंच, कडुनिंब, जुना आंबा चालतो. फांदी मांडीएवढी जाड हवी, हिरवी हवी, आणि दोर बुंध्याच्या जवळ बांधावा, टोकाला नको. दोर अंगठ्याएवढा जाड सुताचा किंवा काथ्याचा. नायलॉन ताणतो, त्याची गाठ ओली झाली की सरकते आणि हात सोलतात. फांदीवर दोराखाली गोणपाटाच्या चार घड्या घाला, म्हणजे ना साल सोलली जाते ना दोर झिजतो. पोरी बसण्याआधी शंभर किलोची पोती ठेवून दहा झोके देऊन बघा, आणि पाऊस पडून गेला की गाठ रोज तपासा.

प्रश्न (बैलहोंगल) : मातीचा नाग घरी करतो, पण वाळताना तडकतो. पूजेनंतर त्याचं काय करावं?

माती वारुळाचीच हवी असेल तर वारूळ फोडू नका, पायथ्याशी गळून पडलेली माती हाताने गोळा करा. नाहीतर कुंभाराकडची आणा. किलोभर चाळलेल्या मातीला साधारण पाव लिटर पाणी लागतं. तेही एकदम नको. मूठभर पिंजलेला कापूस किंवा सुकं शेण मळताना घाला, तो धागा माती धरून ठेवतो. झाकून रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मळा. तडा जातो तो उन्हात वाळवल्याने आणि फणा जाड, मान बारीक केल्याने. दोन्हीची जाडी सारखी ठेवा, सावलीत दोन दिवस वाळवा, पहिल्या दिवशी वर ओलं फडकं पसरा. बारीक तडा गेला तर पातळ चिखल बोटाने भरा.

डोळ्यांना काही घरांत गुंजा लावतात. लहान मूल घरात असेल तर लावू नका. गुंजेचा दाणा चावून गिळला तर प्राणावर बेततं. त्याऐवजी दोन काळी मिरी बसवा. रासायनिक रंगही नको, हळद, काव आणि चुना पुरे.

षष्ठीला नाग विहिरीत किंवा ओढ्यात टाकायची गरज नाही. कापसाची वस्त्रं, मिरी, हार काढून घ्या आणि तुळशीच्या किंवा आंब्याच्या बुंध्याशी ठेवा. दोन-तीन पावसांत माती मातीला मिळते.